निळ्या काठाची थाळी

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल आहे. जिऱ्याच्या डब्यावर ‘जिरं’, मोहरीच्या डब्यावर ‘मोहरी’, आणि मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’. नवरा यावरून माझी यथेच्छ टिंगल करतो. पण मी इथे ऑस्ट्रेलियात, वेस्टमीडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, आणि आमच्याकडे लेबल नसलेली बाटली, मग ती कुणाचीही असो, थेट फेकून देतात. दिवसभर हेच करणारी बाई घरी येऊन वेगळी काय वागणार?

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं जिऱ्याच्या डब्यावरून झालं.

मुलगी झाली तेव्हा सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या. सासरे आदल्याच वर्षी गेले होते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई चौदा वर्षं राहिल्या, मधे मधे व्हिसासाठी सांगलीला जाऊन येऊन. मुलीला त्यांनी वाढवलं, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. मी शिफ्टला असायचे, नवरा लॅपटॉपमध्ये असायचा, आणि मुलगी आजीच्या कडेवर असायची.

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी बारा तास उभी राहून घरी आले, वरणाला फोडणी द्यायची म्हणून तेल तापत ठेवलं आणि हात वर केला तर जिरं जागेवर नाही. आईंनी दुपारी सगळी फळी आवरली होती. त्यांच्या हिशेबाने उंच डबे मागे, बुटके पुढे. माझं शोधणं होईपर्यंत तेल धुरावलं, छतावरचा अलार्म किंचाळायला लागला, त्याला घाबरून मुलगी रडायला लागली, आणि मी म्हणाले, “आई, हे माझं स्वयंपाकघर आहे. मला विचारल्याशिवाय इथलं काही हलवायचं नाही.”

त्या म्हणाल्या, “बरं.”

बस, एवढंच. रागावल्या नाहीत, अबोला धरला नाही, लेकाकडे तक्रार केली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागल्या. “मीठ घेऊ का गं?” “हा कुकर काढू का?” “डाळ संपलीय, नवीन पिशवी फोडू का?” पहिला आठवडा मला वाटलं, टोमणा मारतायत. महिनाभराने कळलं की टोमणा वगैरे काही नाही, मी नियम सांगितला होता आणि त्या तो पाळत होत्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. माफी मागायची हे माझ्या मनात होतं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले, आणि अकरा वर्षं त्या मीठ विचारून घेत राहिल्या.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की आता कायमचं सांगलीला जायचं. धाकटी बहीण तिथे एकटी पडली होती, मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडली होती. शिवाय मुलगी मोठी झाली होती, तिला आता आजी लागत नव्हती. कारणं सगळी खरी होती. मला मात्र त्या सगळ्यांच्या मागे माझं ते एक वाक्य दिसत होतं. एप्रिलअखेरचं तिकीट काढलं, एकाच बाजूचं. त्या दिवसापासून मी मनात एकच गोष्ट घोकत होते, की विमानात बसायच्या आधी मला हे बोलायचंय. दुसऱ्याच्या घरात चौदा वर्षं राहून परत चाललेय, असं वाटून त्यांनी जाऊ नये. घरी बोलणं जमणार नाही हे मला माहीत होतं. घरात मी कायम घाईत असते आणि घाईत माझी जीभ फक्त वाकडंच बोलते.

कॅम्पिंगचं खूळ नवऱ्याचं. त्याला खरं तर दक्षिण युरोपात जायचं होतं, गावागावांतून तंबू ठोकत, निवांत. कितीतरी वर्षं त्याने नकाशे जमवले होते. पण आईंच्या गुडघ्यांना तेवढा लांबचा विमानप्रवास कुठला झेपणार? तेव्हा तो म्हणाला, “युरोप नाही तर नाही. आपल्याकडे काय गावं नाहीत? ईस्टरच्या सुट्टीला धरून तीन आठवडे काढू. दिवसाला दोन तास ड्राइव्ह, मॅक्स.”

“आईंना तंबूत झोपवणार तू?” मी म्हणाले.

“मला काय झालंय?” आई आतून म्हणाल्या. “पांडव बारा वर्षं राहिले वनात. मला तीन आठवडे जमतील.”

मग दोन खोल्यांचा तंबू आला, आईंसाठी उंच पायांची घडीची खाट आली, गॅसची शेगडी आली. मी एक तक्ता केला. कुठल्या दिवशी कुठलं गाव, सकाळी किती वाजता निघायचं, वाटेत काय बघायचं, सगळं लिहिलेलं. डोंगर उतरून पश्चिमेला, मग दक्षिणेला मरी नदीपर्यंत, आणि मग नदीच्या काठाकाठाने ती समुद्राला मिळते तिथपर्यंत. नदीचं नाव ऐकून आईंचा चेहरा पडला. “एवढ्या गोड पाण्याच्या नदीला असलं अशुभ नाव कुणी ठेवलं?” त्या शेवटपर्यंत तिला नुसतं ‘नदी’ म्हणत राहिल्या.

माझा तक्ता दुसऱ्या दिवशीच बोंबलला. कारण आईंची गाव बघायची स्वतःची पद्धत होती. म्युझियम, पूल, जुनं पोस्ट यातलं त्यांना काही नको असायचं. एका गावात धान्याच्या उंच कोठारावर कुणीतरी प्रचंड मोठी मेंढी रंगवली होती. आम्ही तिघं फोटो काढत होतो. आई म्हणाल्या, “एवढी मोठी भिंत मिळाली, आणि काढली काय तर मेंढी,” आणि मागच्या गल्लीत निघून गेल्या. त्यांना लोकांची परसं बघायची असायची. कुंपणापाशी उभं राहून कुणी काय पेरलंय, दोरीवर काय आहे, पत्र्यावर काय वाळत घातलंय, हे त्या बघायच्या. “गाव कळायचं असेल तर वाळवण बघावं,” म्हणायच्या. वाळवण असलेलं परस ऑस्ट्रेलियात सापडणं कठीण, त्यामुळे एकेका गावात दीड-दीड तास जायचा. मी घड्याळ बघायचे. नवरा बेकरीतून ‘पाय’ नावाची सारण भरलेली पेस्ट्री घेऊन यायचा, झाडाखाली बसून खायचा आणि म्हणायचा, “नो वरीज. कुठे ट्रेन पकडायचीय आपल्याला?”

खरं सांगायचं तर चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही ते आवडायला लागलं होतं. उन्हं सौम्य होती, गवत वाळून पिवळं झालं होतं, दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. मुलगी फोनला रेंज नाही म्हणून दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी आजीकडून पत्ते शिकली. पण मी ज्यासाठी आले होते ते होत नव्हतं. रोज संध्याकाळी शेगडी पेटवली की आई विचारायच्या, “तांदूळ काढू का गं?” आणि मी म्हणायचे, “काढा ना.” तेवढ्यावरच थांबायचं.

नदीकाठच्या, द्राक्षांच्या मळ्यांतल्या एका छोट्या गावात आईंना अखेर वाळवण सापडलं. कॅम्पसाइटपासून चार घरांवर, एका पत्र्याच्या घराच्या अंगणात जुन्या दाराची फळी दोन ड्रमांवर आडवी ठेवून तिच्यावर कापलेले टोमॅटो वाळत घातले होते, वर माशांसाठी जाळीचा पडदा. आई कुंपणाला खिळल्या. आतून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी आली, आईंच्याच वयाची. ग्रीक होती, लग्न करून या गावात आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एवढं मी तिच्या इंग्रजीतून समजून घेतलं. आईंचं इंग्रजी ‘गुड’ आणि ‘थँक्यू’च्या पुढे जात नाही. तरी त्या दोघी अर्धा तास बोलत होत्या. टोमॅटो हातात घेऊन, मिठाची चिमूट करून दाखवत, सूर्याकडे बोट करून.

संध्याकाळी ती म्हातारी आमच्या तंबूपाशी आली. हातात इनॅमलची पांढरी खोलगट थाळी, काठ निळा, एका ठिकाणी टवका उडालेला, वर स्वच्छ फडकं. आत भरलेल्या ढब्बू मिरच्या आणि भरलेले टोमॅटो, पुदिना घातलेल्या भाताचे.

आई माझ्याकडे बघायला लागल्या, मटण नाही ना म्हणून. म्हातारीला ते न सांगता कळलं. ती बोटं मोजत म्हणाली, “नो मीट. नो मिल्क. नो एग. फास्टिंग. ईस्टर.”

“काय म्हणते?”

“त्यांचा उपास चालू आहे, आई. ईस्टरपर्यंत.”

“उपासाला भात?” आईंनी एक मिरची उचलून वास घेतला. “बरंय बाई. आपल्यालाही चालला असता.”

आम्ही चौघांनी ती थाळी पुसून खाल्ली. अशी चव मी त्याआधी चाखली नव्हती. मिरची भाजून मऊ झालेली, भात आंबटसर, आणि तळाला तेलात मुरलेला बटाटा.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी थाळी घासली, पुसली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली. जाता जाता फाटकावर देऊ, असं ठरवलं. तंबूचे खुंटे उपटून परत आले तर थाळी नाही.

“आई, ती थाळी?”

“मी बघते त्याचं,” आई म्हणाल्या. त्या गाडीत बसून शाल पांघरत होत्या. मला वाटलं, स्वतः जाऊन देऊन आल्या असतील. मी तक्त्यात बघितलं, पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. आम्ही निघालो.

त्यानंतर दोन गावं झाली, दोन मुक्काम झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई न्हायला गेल्या होत्या आणि मी त्यांची खाट आवरत होते. खाटेखाली त्यांची पिशवी होती, त्यात जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी कडक हाताला लागलं. सोडलं तर निळ्या काठाची थाळी.

आई परत आल्या तेव्हा मी तंबूच्या दारात थाळी घेऊन उभी होते. नवरा चहा करत होता. मुलगी उशीवरून डोकं उचलून बघत होती.

“आई, हे काय आहे?”

“थाळी,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“ते दिसतंय मला. आपण दोनशे किलोमीटर पुढे आलोय. तुम्ही त्या बाईची थाळी उचलून आणली?”

“उचलून कशाला? द्यायची राहिलीय फक्त.”

“आजी,” मुलगी झोपेतून म्हणाली, “दॅट्स लिटरली स्टीलिंग.”

“तू गप गं.” आई खाटेवर बसल्या आणि ओले केस पुसायला लागल्या. “अगं, भांडं भरून आलं होतं. रिकामं कसं परत द्यायचं? तू निघायची घाई करत होतीस. माझ्याकडे घालायला काही नव्हतं. मुरमुरेसुद्धा नव्हते. म्हटलं, वाटेत काहीतरी करू आणि मग देऊ.”

“साखर घालायची चमचाभर.”

“साखर तिच्या घरात नाही का? हाताने केलेलं काहीतरी द्यावं माणसाने.”

मला संताप आला. हे आमच्या घरी चौदा वर्षं चाललं होतं. शेजारच्या बाईने केकची प्लेट दिली की ती आठ दिवस आमच्या ओट्यावर, मग बेसनाचे लाडू होणार, मग ती जाणार. मुलीच्या मैत्रिणीचा डबा चुकून आमच्याकडे आला तर त्यातून चकल्या गेल्या. एकदा तर मी लॅबमधून आणलेला कुणाचातरी रिकामा डबा त्यांनी चिवड्याने भरून मला परत न्यायला लावला होता. पण तिथे निदान माणसं शेजारी राहत होती. इथे आम्ही परक्या बाईची वस्तू घेऊन पसार झालो होतो.

“मला सांगायचं तरी,” मी म्हणाले. आवाज चढला होता. “एरवी मीठ घ्यायला विचारता. एवढी मोठी गोष्ट, आणि ही विचारावीशी वाटली नाही?”

आईंनी पंचा मांडीवर ठेवला. “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस,” त्या म्हणाल्या. “म्हणून नाही विचारलं.”

नवऱ्याने गॅस बंद केला. अकरा वर्षांत त्यांनी मला न विचारता एवढी एकच गोष्ट केली होती, आणि मी तिच्यावरूनही ओरडत होते. मी थाळी टेबलावर ठेवली.

“आता परत नेऊन देऊ या का?” आईंनी विचारलं. यावेळी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, “परत गेलो तर समुद्रापर्यंत पोचणं नाही होणार. दिवस नाही उरणार तेवढे.”

“समुद्र काय,” आई म्हणाल्या, “मी बघितलाय. रत्नागिरीला.”

मी तक्ता काढला, समुद्राच्या ओळीवर काट मारली आणि गावातल्या एकुलत्या एका दुकानात मैदा आणायला गेले. काय करायचं ते आईंनी तोवर ठरवलं होतं. शंकरपाळे. जगाच्या पाठीवर कुठेही मैदा, साखर आणि तेल मिळतंच. पण एक पंचाईत होती. आमचे शंकरपाळे दुधातले आणि तुपाच्या मोहनाचे, आणि म्हातारीचा तर उपास. नो मिल्क. आई जरा वेळ विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, “पाण्यात भिजवू. मोहन तेलाचं घालू. खुसखुशीत कमी होतील, पण तिला खाता तरी येतील.”

दुपारी नवरा आणि मुलगी नदीवर गेली. आम्ही दोघी कॅम्पसाइटच्या लाकडी टेबलावर बसलो. लाटणं नव्हतं, म्हणून कॉर्डियलची, म्हणजे सरबताची, बाटली धुऊन घेतली. आई लाटत होत्या, सुरीने कापत होत्या, मी शेगडीपाशी कढईसमोर उभी होते. शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या आजोबांनी दोनदा येऊन वास घेतला आणि दोन्ही वेळा त्यांना चार-चार शंकरपाळे मिळाले.

दुसऱ्या गोळ्याला पाक कमी पडला. आईंनी साखरेच्या पिशवीकडे हात नेला, थांबल्या आणि म्हणाल्या, “अजून थोडी साखर घेऊ का गं?”

मी झारा खाली ठेवला.

“आई, विचारू नका.”

“का?”

“घ्या ना. जे लागेल ते घ्या. मला नका विचारू.” मी साखरेची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. “त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती.”

“कुठल्या दिवशी?”

“जिऱ्याच्या.”

मला वाटलं होतं, त्या म्हणतील की कुठलं जिरं, मी विसरलेसुद्धा. तसं म्हटलं असतं तर मी कधीच विश्वास ठेवला नसता. त्यांनी साखर घेतली, पातेल्यात टाकली, पाणी ओतलं.

“तू दमून आली होतीस,” त्या म्हणाल्या. “आणि मी ते ठेवलंही भलतीकडेच होतं, पोह्यांच्या डब्यामागे.” मग पातेलं ढवळत, “पण लागलं होतं मला. खूप लागलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? मी माझं घर सोडून आले होते. तुझं तुझंच होतं.”

“आपलं होतं, आई.”

“हे तू आत्ता म्हणालीस.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण सुरी चालूच होती. “आधी म्हणाली असतीस तर तुझ्या फळ्या मी केव्हाच सरळ केल्या असत्या. काय ते लावणं तुझं. मोहरीशेजारी कोको.”

मी हसले आणि रडले. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं.

“राहा ना,” मी म्हणाले. “तिकीट बदलता येतं.”

“नाही गं. बहीण खरंच एकटी आहे. मी रागावून चाललेय असं वाटत होतं का तुला?”

“हो.”

“वेडी आहेस. रागावले असते तर चौदा वर्षं थांबले असते का?” आणि मग, त्याच आवाजात, “तळणीकडे बघ. करपतायत.”

खरंच करपले होते. तो घाणा सगळा काळा झाला. तो नवऱ्याने नदीवरून आल्यावर खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलेल्या वाटेने उलटे गेलो. आई थाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शंकरपाळ्यांची शीग लावलेली, वर त्या म्हातारीचंच फडकं, धुतलेलं. मुलगी म्हणाली, “आजी, शी मस्ट थिंक वी आर क्रिमिनल्स.” आजी म्हणाली, “काय म्हणते ही?” मी भाषांतर केलं. आजी म्हणाली, “तिला सांग, चोर परत येत नाहीत.”

फाटकाशी गाडी थांबली तेव्हा म्हातारी अंगणातच होती, फळीवर आता दुसरेच टोमॅटो होते. थाळी गेल्याचं तिने काहीच मनावर घेतलं नसावं. ती आईंना बघून अशी हसली, जणू आई भाजी आणायला गेल्या होत्या आणि जरा उशिरा आल्या. आईंनी थाळी पुढे केली आणि माझी वाट न बघता, स्वतःच बोटं मोजत सांगितलं, “नो मिल्क. नो एग. उपास.”

म्हातारीने एक शंकरपाळा तोंडात टाकला, चावला, डोळे मिटले. मग दोन्ही हातांनी आईंचा चेहरा धरला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. आई आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लाजलेल्या मी पाहिल्या.

ती थाळी घेऊन आत गेली. आम्ही निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाहेर आली. शंकरपाळे तिने काढून घेतले होते. थाळी डाळिंबांनी भरलेली होती, अंगणातल्याच झाडाची, लहान, उललेली.

“नो एम्प्टी,” ती म्हणाली आणि थाळी आईंच्या हातात दिली. “माय मदर, ऑल्वेज. नो एम्प्टी.”

नवरा गाडीला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मी कपाळाला हात लावला. आता परत ती थाळी आमच्याकडे. आई मात्र खूश होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

“ही आता तू द्यायची,” त्या म्हणाल्या. “मी काही असणार नाही. काहीतरी करून भरायची आणि द्यायची. विकतचं नाही.”

“नऊशे किलोमीटर आहे, आई.”

“मग काय झालं? कुठे ट्रेन पकडायचीय तुला?”

घरी परतल्यावर त्यांच्या जायला आठ दिवस उरले होते. मी शिफ्टला जात होते. पहिल्याच संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जेवणाच्या टेबलावर होते आणि आई स्टुलावर चढून फळ्या पुसत होत्या. मुलगी त्यांना खालून धरून उभी होती. दोघींनी मला बघितलं. मी बॅग ठेवली आणि डबे द्यायला उभी राहिले. कुठला कुठे ठेवायचा ते त्या सांगत होत्या. उंच मागे, बुटके पुढे. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. आठ दिवसांत नाही. कुकर काढला, डाळीची पिशवी फोडली, माझा लॅबचा डबा मला न सांगता भरला. शेवटच्या दिवशी मीठ संपलं तर मला यादीत लिहायला सांगितलं, हुकूम केल्यासारखं.

विमानतळावर त्यांनी मुलीला जवळ घेतलं, लेकाला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, “डाळिंबाच्या साली वाळवून ठेवल्यायत खिडकीत. टाकू नकोस.” मी नाही टाकल्या. अजून आहेत, कशासाठी ते मात्र विचारायचं राहिलं.

आता रोज संध्याकाळी शेगडीपाशी मी फोन ओट्यावर उभा करते. सांगलीत तेव्हा दुपार असते, दोघी बहिणी जेवून बसलेल्या असतात. तेल तापत असतं.

“आई, जिरं कुठे ठेवलंय?”

“वरच्या फळीवर, निळ्या थाळीच्या मागे. किती वेळा सांगायचं तुला?”

जिरं तिथेच आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी मी रोज विचारते.